सेपरेबल एक्स्टेन्शन आणि ट्रायँग्युलेटेड कॅटेगरी: सोलापुरात बसून सुरुवात कशी करावी

हा विषय मी चुकीच्या टोकाने सुरू केला होता. आधी ट्रायँग्युलेटेड कॅटेगरीची सगळी ॲक्सिअम्स पाठ केली, अष्टफलकाची आकृती वहीत चार रंगांनी काढली, आणि तीन महिन्यांनी लक्षात आलं की एकही उदाहरण हातात नाही. त्यामुळे इथला क्रम उलटा आहे. आधी हाताने होणारी गणितं, मग एक ओळ, आणि त्या ओळीतून बाकीचं सगळं. त्रिकोण मध्यावर येतात.

लेख कोणासाठी? एम.एस्सी. च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या किंवा नुकतं एम.एस्सी. झालेल्यांसाठी. रिंग, मोड्यूल, टेन्सर प्रॉडक्ट आणि एक्झॅक्ट सिक्वेन्स एवढं यायला हवं. टेन्सर प्रॉडक्ट डळमळीत असेल तर आधी पंधरा दिवस तेच करा, पुढे पावलोपावली ⊗ आहे. कॅटेगरी, फंक्टर, ॲडजॉइंट हे शब्द ऐकून माहीत असले तरी चालेल, बाकी वाटेत होतं.

शब्दांची एक अडचण आधीच मिटवून टाकतो. आपल्याकडे टोपोलॉजीच्या पेपरात "सेपरेबल स्पेस" येते, ती वेगळी. "सेपरेबल डिफरन्शियल इक्वेशन" तेही वेगळं. इथला शब्द गॅल्वा थिअरीतल्या सेपरेबल फील्ड एक्स्टेन्शनमधून आला आहे. आणि इंग्रजी cone ला "कोन" म्हटलं की आपल्याला भूमितीतला कोन आठवतो, म्हणून त्रिकोणातल्या तिसऱ्या वस्तूला मी शंकू म्हणणार आहे.

पहिली पायरी: एक घटक शोधा

खालची रिंग र, वरची रिंग स. र मधून स मध्ये रिंगचा नकाशा आहे. स⊗स मधून (टेन्सर र वर घेतलेला) स मध्ये गुणाकाराचा नकाशा जातो. हा नकाशा दोन्ही बाजूंनी स-रेषीय राहून मागे फिरवता आला, तर एक्स्टेन्शन सेपरेबल. कागदावर याचा अर्थ एवढाच, की स⊗स मध्ये एक घटक ए सापडला पाहिजे आणि त्याने दोन अटी पाळल्या पाहिजेत. त्याचा गुणाकार केला की १ यावा, आणि स मधला कोणताही घटक डावीकडून गुणला काय, उजवीकडून गुणला काय, उत्तर तेच यावं.

वास्तव संख्यांवर संमिश्र संख्या घ्या, आय² = −१. ए = ½(१⊗१ − आय⊗आय). गुणाकार ½(१ + १) = १. डावीकडून आय लावा: ½(आय⊗१ + १⊗आय). उजवीकडून लावा: तेच. झालं.

आता गट ग, फील्ड क, आणि ग्रुप अल्जिब्रा कग. ए = (१/|ग|) · Σ ग⊗ग⁻¹, बेरीज गटाच्या सगळ्या घटकांवर. इथे क मध्ये |ग| ने भागता यायला हवं (तिथे |ग| शून्य होता कामा नये). मॅश्कीच्या प्रमेयातली अट ती हीच, दुसऱ्या दाराने आलेली. भाग जात नसेल तर हे सूत्र कोसळतं, आणि दुसरं कुठलंही सूत्र मदतीला येत नाही.

मॅट्रिक्स अल्जिब्रा तुम्ही स्वतः करा. इशारा: एकच स्तंभ पकडून ठेवा आणि ओळींवर बेरीज घ्या.

मग एक न होणारं उदाहरण. क[ट], जिथे ट² = ०. यासाठी ए शोधायला बसा. अर्ध्या तासात चिडचिड होईल, होऊ द्या. तो ए का सापडत नाही हे तिसऱ्या पायरीवर एका झटक्यात दिसेल.

इतिहास थोडक्यात: कम्युटेटिव्ह रिंगवरच्या सेपरेबल अल्जिब्राची पद्धतशीर मांडणी ऑसलँडर आणि गोल्डमन यांनी १९६० मध्ये केली. नॉनकम्युटेटिव्ह एक्स्टेन्शनपर्यंत ती हिराता आणि सुगानो यांनी १९६६ मध्ये नेली. १९८९ मध्ये नास्तासेस्कू, व्हॅन डेन बर्ग आणि व्हॅन ओयस्टायन यांनी "सेपरेबल फंक्टर" ही कल्पना आणली, आणि गोष्ट रिंगमधून सुटून कॅटेगरीत आली.

दुसरी पायरी: ती एक ओळ

वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा: स वरचं प्रत्येक मोड्यूल म हे स⊗म चं डायरेक्ट समंड असतं.

सिद्धता दोन ओळींची. ए = Σ अᵢ⊗बᵢ असेल तर म मधल्या घटकाला Σ अᵢ⊗बᵢम कडे पाठवा. परत गुणाकार केला की Σ अᵢबᵢम = म. आणि हा नकाशा स-रेषीय आहे, कारण ए डावीकडून आणि उजवीकडून सारखाच वागतो. संपलं.

सोलापुरात राहून समंड समजावताना चादरीचा तुकडा आठवणं साहजिक आहे. मीही एका मुलाला तसंच समजावलं होतं आणि पस्तावलो. चादर कापली की कडेचा ताणा-बाणा उसवतो. समंड काढताना एकही धागा तुटत नाही: आत जायचा नकाशा असतो, बाहेर यायचा असतो, आणि आत जाऊन बाहेर आलं की जिथे होतो तिथेच असतो. उपमा सोडा, हे दोन नकाशे धरा.

इथे एक फरक पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवायला हवा. खालून वर नेणारा फंक्टर फ (स⊗ लावणारा), आणि वरून खाली आणणारा विसराळू फंक्टर उ (स ची क्रिया विसरून फक्त र पाहणारा). सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांत आत तेलुगू आणि शाळेत मराठी चालते. मराठी वाक्य तेलुगूत नेऊन परत मराठीत आणलं तर मूळ वाक्य त्यात शाबूत सापडतं का, हा एक प्रश्न. तेलुगूतून निघून मराठीतून परत तेलुगूत आल्यावर काय होतं, हा दुसरा. एकाचं उत्तर "हो" म्हणून दुसऱ्याचं "हो" होत नाही. एक्स्टेन्शन सेपरेबल असणं म्हणजे वरून निघून खाली जाऊन परत वर आल्यावर मूळ वस्तू समंड म्हणून सापडणं. खालून निघून वर जाऊन खाली आल्यावर ती सापडली, तर त्याला स्प्लिट एक्स्टेन्शन म्हणतात. ॲडजॉइंटच्या भाषेत पहिल्यात काउनिट (स⊗म→म) स्प्लिट होतो, म्हणजे मागे फिरवता येतो, दुसऱ्यात युनिट (न→स⊗न). राफाएलचं १९९० चं प्रमेय हेच सांगतं. ज्यांच्या वह्या मी पाहिल्या, त्यातल्या निम्म्या चुका या दोघांच्या अदलाबदलीच्या होत्या.

तिसरी पायरी: मिती मोजा

आता त्या ओळीची कमाई. स हे र वर फ्लॅट आहे असं धरा. म चं र वर प्रोजेक्टिव्ह रिझोल्यूशन घ्या, म्हणजे म पर्यंत येणारी प्रोजेक्टिव्ह मोड्यूलांची (फ्री मोड्यूलांच्या समंडांची) एक्झॅक्ट साखळी, आणि त्यावर स⊗ लावा. सगळ्यात छोट्या साखळीची लांबी ती म ची प्रोजेक्टिव्ह मिती, आणि सगळ्या मोड्यूलांतली सर्वांत मोठी ती रिंगची ग्लोबल मिती. फ्लॅट असल्यामुळे एक्झॅक्टपणा टिकतो, आणि प्रोजेक्टिव्हचं प्रोजेक्टिव्हच होतं. म्हणून स⊗म ची प्रोजेक्टिव्ह मिती म च्या र वरच्या मितीपेक्षा जास्त नाही. म हे स⊗म चं समंड, आणि समंडाची मिती मोठी असू शकत नाही. निष्कर्ष: स ची ग्लोबल मिती र च्या ग्लोबल मितीपेक्षा जास्त नाही.

आता क[ट] कडे परत या. क फील्ड, ग्लोबल मिती ०. पण क[ट] वर क चं रिझोल्यूशन काढायला गेलं की ट ने गुणा, परत ट ने गुणा, कधी थांबतच नाही. मिती अनंत. म्हणून क[ट] सेपरेबल असूच शकत नाही. अर्धा तास शोधलेला ए का मिळाला नाही ते आता कळलं.

पूर्णांकांवर √−३ जोडून मिळणारी रिंग घ्या. तिचीही ग्लोबल मिती अनंत, म्हणून सेपरेबल नाही. पण लगेच उलटा नियम बनवू नका. पूर्णांकांवर आय जोडा. गाउसच्या पूर्णांकांची ग्लोबल मिती १, पूर्णांकांचीही १. मिती वाढली नाही, तरी हे एक्स्टेन्शन सेपरेबल नाही, कारण ए साठी ½ लागतो आणि तो पूर्णांकांत नाही. २ ने भागायची परवानगी दोन्हीकडे दिली की सेपरेबल होतं. ही दोन उदाहरणं शेजारी-शेजारी लिहून ठेवा, पुढे खूप वाद वाचतात.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण मात्र हे. क[क्ष, य] घ्या, कॅरॅक्टरिस्टिक २ नसू दे. दोन घटकांचा गट क्ष ला −क्ष आणि य ला −य करतो. न बदलणारी बहुपदं क्ष², क्ष·य, य² पासून बनतात. त्या रिंगला टोकाशी दोष (सिंग्युलॅरिटी) आहे आणि तिची ग्लोबल मिती अनंत आहे. पण गट आणि बहुपदं एकत्र गुंफून जी स्क्यू ग्रुप रिंग होते, ती क[क्ष, य] चं सेपरेबल आणि स्प्लिट, दोन्ही प्रकारचं एक्स्टेन्शन आहे, म्हणून तिची मिती बरोबर २. एकाच गटाने एका वाटेने दोष निर्माण केला, दुसऱ्या वाटेने मिती जशीच्या तशी ठेवली. रायटन आणि रीडटमन यांनी १९८५ मध्ये स्क्यू ग्रुप अल्जिब्रांचा अभ्यास याच अंगाने केला. हे उदाहरण पूर्ण हाताने तपासायला एक रविवार जातो. द्या.

चौथी पायरी: त्रिकोण, आणि अडचण कुठे आहे

आता ट्रायँग्युलेटेड कॅटेगरी. व्हर्दिए यांनी ग्रोथेन्डीकच्या मार्गदर्शनाखाली १९६० च्या दशकात ती घडवली, त्यांचा प्रबंध पूर्णपणे छापून आला १९९६ मध्ये. जवळच्याच कल्पनेवर पुप्पे यांनी १९६२ मध्ये स्वतंत्रपणे काम केलं होतं. सुरुवातीला एवढंच लक्षात ठेवा: वस्तू आहेत, एक सरकवणारा फंक्टर आहे, आणि प्रत्येक नकाशा म→न ला एक शंकू श जोडून म→न→श→(सरकवलेला म) असा त्रिकोण मिळतो. डिराइव्ह्ड कॅटेगरी (वस्तू म्हणजे मोड्यूलांचे कॉम्प्लेक्स, आणि होमोलॉजी सारखी ठेवणारे नकाशे उलटवता येतात) हे नेहमीचं उदाहरण.

एक गोष्ट सगळे वाचतात आणि कोणी मनावर घेत नाही: शंकू फंक्टोरियल नसतो. दोन त्रिकोणांत पहिले दोन नकाशे दिले तर तिसरा मिळतो, पण तो एकमेव नसतो.

याचा त्रास असा. आपल्या कॅटेगरीत रिंगसारखी वागणारी वस्तू अ आहे, आणि तिच्यावरच्या मोड्यूलांची कॅटेगरी आपल्याला हवी आहे. म→न हा अ-मोड्यूलांचा नकाशा. त्याचा शंकू श काढला. श वर अ ची क्रिया आहे का? म आणि न वर आहे (अ⊗म→म, अ⊗न→न), म्हणून अ⊗श→श असा काहीतरी नकाशा मिळतो. पण तो निवडलेला आहे, आणि क्रियेचा असोसिएटिव्ह नियम तो पाळेलच अशी हमी कोणी देत नाही. म्हणून ट्रायँग्युलेटेड कॅटेगरीतल्या मोड्यूलांची कॅटेगरी साधारणपणे ट्रायँग्युलेटेड नसते. नवख्यांना हे पटत नाही, "डिराइव्ह्ड कॅटेगरी आहे ना, मग?" म्हणतात. तिथे खालच्या पातळीवर कॉम्प्लेक्स असतात आणि ते शंकू सांभाळतात. कॉम्प्लेक्स विसरून फक्त वरची कॅटेगरी हातात घेतली की तो आधार जातो.

पाचवी पायरी: सेपरेबल असेल तर दुरुस्ती

पॉल बाल्मर यांनी २०११ मध्ये दाखवलं की अ सेपरेबल असेल आणि मूळ कॅटेगरीत प्रत्येक आयडेम्पोटंट फुटत असेल (म्हणजे समंड बाहेर काढता येत असेल), तर मोड्यूलांची कॅटेगरी ट्रायँग्युलेटेड होते आणि ती रचना एकाच प्रकारे बसते: खाली आणल्यावर जो त्रिकोण ठरतो, तोच वर त्रिकोण.

कसं, ते पाहा, कारण या लेखातली खरी गंमत इथे आहे. म→न हा नकाशा थेट हाताळू नका. दोघांना खाली आणा, तिथे शंकू श काढा (तिथे काहीच अडचण नाही), मग सगळा त्रिकोण फ ने वर न्या. आता दुसऱ्या पायरीवरची ओळ: म हे अ⊗म चं समंड, न हे अ⊗न चं, आणि हे समंड नकाशाशी सुसंगत आहेत. म्हणजे अ⊗म आणि अ⊗न वर दोन आयडेम्पोटंट आहेत. तिसऱ्या जागेवर, अ⊗श वर, त्यांना जुळणारा ह मिळतो. तो आयडेम्पोटंट असेलच असं नाही.

पण जवळपास असतो. ह² − ह ला ठ म्हणा. पहिल्या दोन जागांवर फरक शून्य आहे, म्हणून ठ हा आधीच्या वस्तूवरून शून्य होतो आणि पुढच्या वस्तूकडे जातानाही शून्य होतो. पहिल्या कारणाने ठ पुढच्या नकाशातून फॅक्टर होतो, दुसऱ्या कारणाने तो नकाशा ठ नंतर लावला की शून्य. म्हणून ठ² = ०. आता ह च्या जागी ३ह² − २ह³ घ्या. तो खराखुरा आयडेम्पोटंट आहे आणि त्रिकोणातही बसतो. त्याचा समंड काढला की हवा तो शंकू मिळाला.

हे सूत्र डोळे झाकून मानू नका. २×२ चा मॅट्रिक्स घ्या, पहिली ओळ १, १ आणि दुसरी ०, १. तो आयडेम्पोटंट नाही, पण ह² − ह चा वर्ग शून्य आहे. ३ह² − २ह³ काढा, युनिट मॅट्रिक्स येतो. एवढं हुतात्मा एक्सप्रेस कुर्डुवाडी गाठायच्या आत होतं. सर्वसाधारण सिद्धता पुण्याच्या अलीकडे.

अष्टफलकाच्या ॲक्सिअमबद्दल (दोन नकाशे एकापुढे एक लावले की त्यांचे तीन शंकू कसे जुळतात ते सांगणारं) एक सावधगिरी. वरच्या युक्तीने साधे त्रिकोण मिळतात, पण अष्टफलकासाठी मूळ कॅटेगरीत त्याच्या वरच्या दर्जाची रचनाही लागते. बाल्मर यांनी ती अट स्पष्ट लिहिली आहे. व्यवहारात भेटणाऱ्या डिराइव्ह्ड आणि स्टेबल (प्रोजेक्टिव्ह मोड्यूलांना शून्य मानणाऱ्या) कॅटेगरींत ती असते, म्हणून पहिल्या वाचनात पुढे जा.

सहावी पायरी: काय काय वारशाने येतं

एकदा वरची कॅटेगरी ट्रायँग्युलेटेड झाली की तीच ओळ पुन्हा वापरायची. समजा खालची कॅटेगरी एका वस्तू ज पासून, काही ठरावीक पायऱ्यांत, शंकू आणि समंड काढत काढत बांधता येते. वरचं मोड्यूल म घ्या, खाली आणा, तिथे ते ज पासून तेवढ्या पायऱ्यांत बनतं. वर न्या: आता ते फ(ज) पासून तेवढ्याच पायऱ्यांत बनतं. म त्याचं समंड. म्हणून रूकिए यांनी मांडलेली ट्रायँग्युलेटेड कॅटेगरीची मिती वर गेल्यावर वाढत नाही. तिसऱ्या पायरीवरचाच युक्तिवाद, फक्त रिझोल्यूशनच्या जागी शंकू. युनिटही स्प्लिट असेल तर उलट दिशेनेही चालतं आणि मिती सारख्या होतात.

सातवी पायरी: गट आणि उपगट

शेवटी असं उदाहरण, जिथे भागाकार न करता सेपरेबल मिळतं. गट ग, उपगट ह (मघाचा ह विसरा), फील्डची कॅरॅक्टरिस्टिक काहीही. ग/ह च्या कोसेटांवर फील्डची मोकळी बेरीज घ्या आणि गुणाकार असा ठरवा: कोसेट स्वतःशी गुणला की तोच, वेगळ्याशी गुणला की शून्य. ए = Σ (कोसेट ⊗ तोच कोसेट). अटी तपासा, कुठेही भागाकार नाही. या वस्तूवरची मोड्यूल्स ग च्या डिराइव्ह्ड कॅटेगरीत घेतली की मिळते ती ह ची डिराइव्ह्ड कॅटेगरी. स्टेबल मोड्यूल कॅटेगरीतही हेच. म्हणजे "उपगटावर मर्यादा घालणं" हे बीजगणितात सेपरेबल एक्स्टेन्शन आहे. बाल्मर यांनी ही दृष्टी पुढे सविस्तर वापरली.

पण युनिट स्प्लिट होतो का? फील्डमध्ये ह च्या इंडेक्सने भागता येत असेल तरच. म्हणून कॅरॅक्टरिस्टिक प असताना ह हा सिलो प-उपगट घेतला तर दोन्ही अटी एकत्र मिळतात.

गृहपाठ म्हणून तीन अक्षरांच्या क्रमबदलांचा सहा घटकांचा गट घ्या, कॅरॅक्टरिस्टिक ३. एकदा तीन घटकांचा उपगट घ्या (इंडेक्स २), एकदा दोन घटकांचा (इंडेक्स ३). दोन्हीसाठी ए लिहा, आणि दोन्हींत युनिटचा मागे येणारा नकाशा शोधा. पहिल्यात सापडेल. दुसऱ्यात बेरीज करून ३ येतो, म्हणजे शून्य.

अडलात तर कुठे जावं? शहरात या विषयाचा गट तयार नसेल, पण पुण्यात आयसर आहे, भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे. नव्या शोधनिबंधांच्या प्रती बऱ्याचदा इंटरनेटवर फुकट मिळतात, बाल्मरांचा २०११ चा शोधून काढा. तो पहिल्या पानापासून वाचू नका. आधी सेपरेबल मोनॅडची (आपल्या अ⊗ सारख्या फंक्टरची) व्याख्या शोधा, तुमच्या वहीतल्या ए शी ताडून बघा, आणि मग मागे वळा. मला विचारायचं असेल तर वहीत तीन अक्षरांच्या गटाचा गृहपाठ करून आणा, दुसऱ्या उपगटाचाही.